कॅलरी मोजायच्या की पॉइंट्स? दोन्ही पद्धती महिनोन्‌महिने वापरल्यानंतरचा अनुभव, मराठी स्वयंपाकाच्या हिशेबाने

हा अनुभव अमेरिकेतल्या मराठी घराचा आहे: दोन वेळचं जेवण घरचं, शनिवार-रविवारी एखाद वेळ बाहेर, आणि दिवसाला तीन-चार चहा. एका बाजूला वजनकाटा घेऊन क्रोनोमीटर या ॲपमध्ये केलेली कॅलरींची नोंद, दुसऱ्या बाजूला वेट वॉचर्स या वजन उतरवण्याच्या कार्यक्रमाचे पॉइंट्स, म्हणजे प्रत्येक पदार्थाला ठरवून दिलेले गुण आणि दिवसाला त्यांचा ठरावीक कोटा. निष्कर्ष आधीच सांगते. जेवण मुख्यतः घरचं असेल तर कॅलरी मोजा. खाणं जास्त करून पाकिटातलं, कॅन्टीनमधलं, हॉटेलातलं असेल तर पॉइंट्स घ्या. दोन्ही पद्धतींनी वजन उतरतं आणि दोन्हींत हिशेब चुकतो. फरक आहे तो कुठे चुकतो यात.

पॉइंट्समागचं गणित आधी समजून घ्या, नाहीतर ॲप सांगेल तो आकडा ब्रह्मवाक्य वाटतो. वेट वॉचर्स १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, पण पॉइंट्स आले १९९७ मध्ये. पहिलं सूत्र कागदावर करता येण्याइतकं सोपं होतं: कॅलरी भागिले ५०, अधिक फॅटचे ग्रॅम भागिले १२, उणे फायबरचे ग्रॅम भागिले ५ (फायबर जास्तीत जास्त ४ ग्रॅम धरायचं). २०१० मध्ये सूत्र बदललं आणि प्रोटीन, कार्ब, फॅट, फायबरवर आलं. २०१५ च्या शेवटी स्मार्टपॉइंट्स आले, त्यात साखर आणि सॅच्युरेटेड फॅटला दंड, प्रोटीनला सूट. २०२१ पासून एकूण साखरेऐवजी वरून घातलेली साखर मोजतात आणि फायबरला व असंपृक्त फॅटला सवलत आहे. आजचं नेमकं सूत्र कंपनी उघड करत नाही. स्मार्टपॉइंट्सचं मात्र वापरणाऱ्यांनी ताडून काढलं आहे: कॅलरी × ०.०३०५ + सॅच्युरेटेड फॅट × ०.२७५ + साखर × ०.१२ − प्रोटीन × ०.०९८. हातानं पडताळता येतं म्हणून खालचे पॉइंट्स याच सूत्राचे दिले आहेत. आजच्या ॲपमध्ये आकडे वेगळे येतील, पण सॅच्युरेटेड फॅटला दंड आणि ठरावीक पदार्थांना शून्य पॉइंट्स (कितीही खा, मोजायचे नाहीत), हे दोन्ही आजही तसंच आहे.

आता आमटी घ्या. तूरडाळ १५० ग्रॅम कच्ची, ५१० कॅलरी. फोडणीचं तेल १५ ग्रॅम, १३५. गूळ १५ ग्रॅम, ५७. ओला नारळ २० ग्रॅम, ७०. एकूण ७७२. शिजून आमटी १,२०० ग्रॅम झाली तर १०० ग्रॅमला ६४, म्हणजे १५० ग्रॅमच्या वाटीला ९६ कॅलरी. पॉइंट्समध्ये डाळ शून्य. उरले तेल, गूळ, नारळ: सगळे मिळून साधारण साडेअकरा. आठ वाट्यांत वाटले की वाटीला एक पॉइंट. ७७२ पैकी ५१० कॅलरी हिशेबातून गायब झाल्या. डाळीनं पोट भरतं, प्रोटीन मिळतं, म्हणून ती सैल सोडलेली आहे, आणि ज्यांच्या ताटात डाळ पातळ नि थोडी असते त्यांना हे ढकलणं उपयोगी पडतं. पण आपल्याकडे डाळ आधीच रोज दोन वेळा असते. तिथे शून्य म्हणजे दर वाटीमागे न मोजलेल्या साठ-पासष्ट कॅलरी, रोज.

साबुदाण्याची खिचडी घेतली की चित्र उलटं होतं. साबुदाणा ६० ग्रॅम कोरडा, दाण्याचं कूट २५ ग्रॅम, तूप १५ ग्रॅम, बटाटा ५० ग्रॅम. एका माणसाच्या बशीत साधारण ५२५ कॅलरी बसतात, प्रोटीन जेमतेम ७-८ ग्रॅम. कॅलरीच्या नोंदीत हा दिवसाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग दिसतो आणि माणूस पुढे जातो. पॉइंट्समध्ये तीच बशी अठराच्या घरात जाते, आणि दिवसाला किमान २३ पॉइंट्सच मिळतात. एकादशीला दुपारीच दिवस संपतो. हा झटका बरोबर ठिकाणी बसतो. कॅलरीचा आकडा पदार्थाला चांगलं-वाईट म्हणत नाही, पॉइंट म्हणतो. आणि उपवासाच्या फराळाबाबत पॉइंटचं म्हणणं खरं आहे.

नारळाबाबत मात्र ते पटत नाही. ३० ग्रॅम ओला नारळ १०६ कॅलरींचा, पण सॅच्युरेटेड फॅटमुळे ६ पॉइंट्स. ३० ग्रॅम शेंगदाणे १७० कॅलरींचे, पण ५ पॉइंट्स. कोकण-गोव्याकडच्या घरात, जिथे वाटण नारळाचं असतं, तिथे पॉइंट्स वापरणारा माणूस आठवडाभरात वाटण सोडून दाण्याच्या कुटाकडे वळतो आणि कॅलरी वाढवून बसतो. सॅच्युरेटेड फॅट कमी करणं हा हृदयासाठी वेगळा आणि योग्य हेतू आहे, पण वजनाचा हिशेब म्हणून ही अदलाबदल तोट्याची आहे.

पॉइंट्समधली दुसरी गळती पूर्णांकाची. एक चमचा तेल १ पॉइंट, एक मोठा चमचा ४. पण तीन छोटे चमचे म्हणजेच एक मोठा चमचा. सकाळी भाजीत एक, दुपारी कोशिंबिरीत एक, रात्री आमटीत एक असं वेगवेगळं लिहिलं की ४ चे ३ होतात. तेल दिवसाचं एकदाच, एकत्र लिहा. तिसरी गळती शून्याच्या यादीची. दही शून्य आहे ते फक्त बिनसाईचं, साधं. होल मिल्कचं घरी विरजलेलं दही शून्य नाही. फळ शून्य आहे ते चावून खाल्लेलं. मिक्सरमधून काढलं की मोजायचं. डब्यातला केशर आंब्याचा पल्प साखर घातलेला असतो, त्यामुळे आमरसाला शून्य लिहिणं ही सरळ चूक आहे. आणि यादी स्वतःच बदलत राहते: २०१९ मध्ये हिरवी, निळी, जांभळी अशा तीन योजना एकाच वेळी चालू होत्या, शून्य पदार्थ हिरवीत शंभरच्या वर, निळीत दोनशेच्या वर, जांभळीत तीनशेच्या वर, आणि रोजचे किमान पॉइंट्स अनुक्रमे ३०, २३, १६. हिरवीत डाळीलाही पॉइंट्स होते. जुनी वही, मैत्रिणीने पाठवलेली रेसिपी, इंटरनेटवरचा तक्ता यांतला आकडा कोणत्या वर्षाचा आहे हे कळल्याशिवाय तो वापरू नये. ग्रॅम आणि कॅलरीला हा त्रास नाही. पाच वर्षांपूर्वी तोललेली भाजी आजही तेवढीच.

कॅलरी मोजणीत गळती असते ती स्वयंपाकघरात. १ ग्रॅमपर्यंत अचूक, ५ किलोपर्यंत तोलणारा काटा घ्या. वाटी-चमच्याने कूट मोजू नका; शीगेचा आणि सपाट चमचा यांत दुपटीचा फरक पडतो. घरातल्या प्रत्येक पातेल्याचं, कढईचं, कुकरच्या डब्याचं रिकामं वजन एकदाच तोलून कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावा. मग पद्धत अशी: सगळं कच्चं तोलून घाला, एकूण कॅलरी काढा, शिजल्यावर पातेल्यासकट तोला, पातेलं वजा करा, भागा. ताटात वाढताना फक्त ग्रॅम बघायचे. चार जणांचा स्वयंपाक एकत्र असला तरी कुणाचं काही अडत नाही, वेगळं शिजवावं लागत नाही.

तेलासाठी उलटं तोलायचं. पोळ्या करायला बसताना तेलाची वाटी चमच्यासकट काट्यावर ठेवून काटा शून्य करा. पोळ्या झाल्या की तीच वाटी पुन्हा ठेवा. उणे ३० दिसलं तर ३० ग्रॅम तेल गेलं, २७० कॅलरी. ३०० ग्रॅम कणकेच्या दहा पोळ्या असतील तर पोळीला कणकेचे १०२ आणि तेलाचे २७, एकूण १२९. बहुतेक ॲपमध्ये चपाती या एका नावाखाली डझनभर नोंदी सापडतात आणि त्यांत आपल्या घरची पोळी एकही नसते. भजी-पुरीलाही हीच युक्ती: तळणीचं तेल आधी तोला, थंड झाल्यावर पुन्हा तोला. तळताना उडते ती पदार्थातल्या पाण्याची वाफ, त्यामुळे घट बहुतांशी पदार्थात गेलेल्या तेलाचीच असते.

सगळ्यात महाग चूक कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम कच्चा तांदूळ साधारण ३५५ कॅलरी, १०० ग्रॅम भात १३०. भात तोलून तांदळाची नोंद निवडली की एका वेळेला पावणेतीनपट आकडा येतो, तांदूळ तोलून भाताची निवडली की एक तृतीयांश. दुसरी चूक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते वापरणाऱ्यांची. ५२८ भारतीय पदार्थांचे हे तक्ते उत्तम आहेत, पण त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८४ ने भागायचं, मग कॅलरी. तिसरी चूक शून्याच्या लेबलची. अमेरिकेत एका सर्व्हिंगला ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर लेबलवर शून्य छापता येतं. तेलाच्या स्प्रेचं सर्व्हिंग पाव सेकंदाचं असतं. तव्यावर तीन सेकंद फवारलं तर ती बारा सर्व्हिंग्ज झाली.

रोजचं लक्ष्य काढताना मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरा: १० × किलोमधलं वजन, अधिक ६.२५ × सेंटिमीटरमधली उंची, उणे ५ × वय. बायकांसाठी उणे १६१, पुरुषांसाठी अधिक ५. ६८ किलो, १५८ सेंटिमीटर, ४२ वर्षांच्या बाईचे येतात १,२९७ कॅलरी. हा शरीराचा नुसता विश्रांतीचा खर्च; दिवसाच्या हालचालीप्रमाणे त्याला एका गुणकाने गुणायचं. आता ॲप विचारतं की हालचाल किती, आणि रोज पाऊण तास चालणारा माणूस मध्यम निवडतो. गुणक १.५५, खर्च २,०१०, त्यातून ४०० वजा, खायचे १,६१०. पण दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जात असतील तर खरा खर्च १.२ च्या गुणकाजवळ, म्हणजे १,५५६ च्या आसपास असतो. तूट कागदावर ४००, प्रत्यक्षात शून्याच्या खाली. महिनाभर काटेकोर मोजूनही वजन हललं नाही की दोष बहुधा इथे असतो. १.२ पासून सुरुवात करा, घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी खायला परत घेऊ नका, आणि चार-पाच किलो उतरले की सूत्र पुन्हा मांडा. एक किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी धरतात. खरी ४०० ची तूट असेल तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरतं. लोणचं-पापडाच्या मिठाने, पाळीच्या आधी, प्रवासानंतर काटा किलोभर वर जातो, म्हणून एका दिवसाचं वजन वाचू नका. रोज तोला आणि सात दिवसांची सरासरी लिहा.

चहाबद्दल दोन्ही पद्धतींचं एकमत आहे, तेव्हा ऐका. ६० मिली होल मिल्क आणि ६ ग्रॅम साखर म्हणजे कपाला ६० कॅलरी, ३ पॉइंट्स. चार कपांचे २४० कॅलरी किंवा १२ पॉइंट्स. साखर निम्मी केली तर चवीला आठवडाभर जड जातं, नंतर लक्षातही राहत नाही.

वेट वॉचर्सच्या बाजूने सांगायची खरी गोष्ट पॉइंट्सची नाही, सभासदांच्या आठवड्याच्या बैठकीची आहे. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधले ७७२ लोक होते. वर्षअखेर वेट वॉचर्सच्या गटाचं सरासरी ५ किलो उतरलं, डॉक्टरांच्या नेहमीच्या सल्ल्याच्या गटाचं सव्वादोन. ती तुलना पॉइंट्स विरुद्ध कॅलरी अशी नव्हती. दर आठवड्याला कुणासमोर तरी काट्यावर उभं राहायचं आहे, याचा त्यात मोठा वाटा असावा असं आमचं मत. कॅलरी मोजणाऱ्याला ही सोय स्वतः करावी लागते: आठवड्याचा एक वार ठरवा आणि नवऱ्याला, बहिणीला, कुणाला तरी सरासरी कळवा.

बाहेर जेवताना पॉइंट्स जिंकतात, यात वाद नाही. उडप्याच्या मसाला डोशाच्या कॅलरी कुणालाच ठाऊक नसतात. तिथे आठवड्याचे राखीव पॉइंट्स आणि रोजचे शिल्लक राहिलेले चारपर्यंत पॉइंट्स पुढे नेण्याची सोय कामाला येते. कॅलरीवाल्यांनी हेच आठवड्याच्या बेरजेत करावं: १,४०० चं लक्ष्य असेल तर आठवड्याचे ९,८०० धरा, सहा दिवस १,३०० आणि शनिवारी २,०००.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, अंगावर पाजत असाल, तर दोन्हीपैकी काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. खाणं कमी झालं आणि डोस तोच राहिला तर साखर धोक्याइतकी खाली जाते. आणि पूर्वी कधी खाण्याशी भांडण झालेलं असेल, उपाशी राहणं, ओकून टाकणं, आकड्यांचा ध्यास, तर वजनकाटा स्वयंपाकघरात आणूच नका.

आमचा सध्याचा क्रम असा: पहिले दहा-बारा आठवडे सगळं तोलून. तोवर घरचे वीस-पंचवीस पदार्थ नोंदले जातात, आणि एरवीही आपण आलटून-पालटून तेवढेच करतो. त्यानंतर भाजी, डाळ, भात नजरेने वाढायचं. काट्यावर राहतात फक्त चार गोष्टी: तेल, तूप, कूट आणि नारळ.