सीएसआर निधी मिळवून देतो म्हणणाऱ्याला संस्थेचं चालू खातं कशाला हवं असतं?

फोन बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. एका कंपनीचा सीएसआर फंड, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेला पैसा, पडून आहे, ३१ मार्चच्या आत वाटला नाही तर लॅप्स होतो, तुमच्या संस्थेचं नाव पुढे केलंय. बोलणाऱ्याला संस्थेचा नोंदणी क्रमांक, सचिवांचं नाव, चालू उपक्रम सगळं तोंडपाठ असतं, आणि इथेच अर्धं मंडळ विरघळतं. खरं तर यातलं बरंचसं संस्थेच्याच लेटरहेडवर, पावतीपुस्तकावर आणि फेसबुक पेजवर असतं.

'लॅप्स'ची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून ती पचते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक निकषांत बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चावी लागते. वर्षात खर्च झाला नाही, तर सुरू असलेल्या प्रकल्पाचे पैसे ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात जातात आणि बाकीचे ६ महिन्यांत कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या निधीत. म्हणजे कंपनीला वाट ठरवून दिलेली आहे. त्यासाठी एजंटाकरवी तालुक्यातली संस्था शोधत फिरायची वेळ तिच्यावर येत नाही.

पुढची पायरी कागदांची. संस्थेची घटना, नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, पॅन, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर-१ चा (सीएसआरचं काम घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे केलेल्या नोंदणीचा) क्रमांक. हे खरी कंपनीही मागते, त्यामुळे शंका येत नाही. पण यादीच्या शेवटी दोन गोष्टी हळूच घुसवलेल्या असतात: सही-शिक्का मारलेली पाच कोरी लेटरहेड आणि अध्यक्षांच्या डिजिटल सहीचा यूएसबी डोंगल, 'फॉर्म भरायला'. कोरं लेटरहेड दिलं की उद्या त्यावर कुठलाही ठराव उमटू शकतो. आणि डोंगल पासवर्डसकट दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये गेला, म्हणजे अध्यक्षांची सही तिथे राहायला गेली. डिजिटल सहीने भरायचा फॉर्म स्वतः समोर बसून भरावा आणि डोंगल खिशात घालून घरी यावं.

संस्था नवी असेल तर 'आमच्याकडे जुनी-नवी असं काही नसतं' हे वाक्यही ऐकू येतं. नियम तसा नाही. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीशिवाय कंपनी संस्थेमार्फत काम करून घेऊ शकत नाही, आणि कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. मागच्या वर्षी नोंदवलेल्या मंडळाला कोटीची मंजुरी मिळाली, तर मंजुरी देणाऱ्याने एकतर नियम वाचलेला नाही किंवा तो कंपनीचा माणूसच नाही.

मग मंजुरीपत्र येतं. ते जरा जवळून पाहू. जाड कागद, सोनेरी लोगो, गोल शिक्का, जड इंग्रजी, कलम १३५ चा उल्लेख अगदी बिनचूक. रक्कम चार कोटी, पण प्रकल्पाचं नाव नाही, अंदाजपत्रक नाही, हप्ते नाहीत, अहवाल कधी द्यायचा ते नाही. ईमेल जीमेलचा. तळाशी बारीक अक्षरात २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असतो, आणि बऱ्याच भामट्यांना तो नीट बनवता येत नाही. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग दोन अक्षरं राज्याची, मग चार अंक स्थापनेच्या वर्षाचे. त्यानंतर तीन अक्षरं प्रकाराची आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. पत्राच्या माथ्यावर '१९८७ पासून सेवेत' आणि सीआयएनमध्ये २०२२, असं दिसलं की चहा पाजून पाहुण्याला वाटेला लावावं. प्रकाराच्या जागी एनपीएल असेल तर ती कलम ८ खालची ना-नफा कंपनी असते, म्हणजे तीही तुमच्यासारखीच देणगी शोधणारी. क्रमांक खरा वाटला तरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनी मास्टर डेटा मोफत पाहता येतो. भरणा झालेलं भांडवल एक लाख आणि देकार चार कोटींचा? चार कोटी हे २ टक्के व्हायला वर्षाचा सरासरी नफा २०० कोटी हवा.

मंजुरीपत्रानंतर पैशाची मागणी सुरू होते. आधी प्रोजेक्ट रिपोर्टचे काही हजार, मग स्टॅम्प, मग 'जीएसटी आगाऊ', मग 'आरबीआय क्लिअरन्स'. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा मोठा आणि प्रत्येक वेळी 'हा शेवटचा'. कर असलाच तर तो चलनाने सरकारकडे जातो, कुणाच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर नाही. मंडळी थांबत नाहीत, कारण आधी भरलेले बुडतील ही भीती. काही जण तर संस्थेच्या नावावर उसनवारी करतात. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही, म्हणजे फसलेला विश्वस्त वर चौकशीतही अडकतो.

इथवरचा इशारा सगळेच देतात. त्यामुळे 'आगाऊ एक रुपया नको' म्हणणारा माणूस आला की लोकांना तो सज्जन वाटतो. जास्त घातक तोच. त्याला हवं असतं संस्थेचं चालू खातं: नेटबँकिंग सुरू केलेलं, व्यवहाराची मर्यादा वाढवलेली, ओटीपीसाठी त्याने आणलेलं सिम जोडलेलं. नाहीतर तो फोनवर प्ले स्टोअरबाहेरून एक एपीके ॲप टाकायला लावतो, आणि ओटीपीचे मेसेज परस्पर त्याच्याकडे जाऊ लागतात. 'फंड मोठा आहे, हप्त्यांनी पडेल, १५ टक्के संस्थेचे, बाकीचे आम्ही सांगू तिथे वळवायचे.' खजिनदाराला दुसऱ्या शहरात हॉटेलवर बोलावतात. खोलीत दोन-तीन लॅपटॉप, त्याचा फोन टेबलावर दुसऱ्याच्या हाताशी, आणि काम होईपर्यंत बाहेर जायचं नाही.

संस्थेचंच खातं का? कारण रिक्षावाल्याच्या बचत खात्यात एका दुपारी चाळीस अनोळखी लोकांचे पैसे आले तर बँकेच्या डोळ्यावर येतं. संस्थेच्या खात्यात अनोळखी माणसांनी पैसे टाकणं हा रोजचा प्रकार, त्याला देणगी म्हणतात. आलेले पैसे मात्र डिजिटल अरेस्ट (व्हिडिओ कॉलवर खोट्या पोलिसांनी घातलेली अटकेची भीती) किंवा बनावट शेअर ट्रेडिंगमध्ये लुटलेल्या माणसांचे असतात, आणि काही मिनिटांत ते पुढच्या खात्यांत पांगतात. लुटलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि माग काढत पोलीस पहिल्यांदा पोचतात ते संस्थेच्या खात्यापर्यंत. खातं गोठतं, पगार थांबतात, आणि परराज्यातल्या पोलीस ठाण्याची नोटीस अध्यक्षांच्या घरी येते. तिथे 'आम्हाला सीएसआर वाटला' हे सांगायला जवळ एकही करारपत्र नसतं.

तिसरा प्रकार थोडक्यात. कंपनी खरी, चेक खरा, फक्त ४० टक्के रोखीने परत. ती रोकड काढायला खोटी बिलं लागतात आणि त्यावर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) द्यावं लागतं. सह्या तुमच्या, १२ए तुमचं. यात संस्था फसलेली नसते, सामील असते.

खरा निधी शोधायची वाट कंटाळवाणी आहे. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात कशावर खर्च केला ते दिसतं. आकडे थोडे जुने असतात, पण कंपनीचा कल कळतो. कंपनीला स्वतःच्या वेबसाइटवर सीएसआर धोरण, समिती आणि मंजूर प्रकल्प जाहीर करावे लागतात. तिथल्या ईमेलवर दोन पानांचं टिपण पाठवावं: गाव, लाभार्थी, खर्च, मोजमाप. मग कागदांची छाननी, भेट, करार, हप्ते. यात महिने जातात. प्रस्ताव लिहून देणाऱ्या सल्लागाराला ठरलेली फी बिलावर द्यायला हरकत नाही, चांगले सल्लागार आहेतही. मंजूर रकमेवर टक्केवारी मागणारा मात्र सल्लागार नव्हे.

खातं किंवा डोंगल हातचं गेलं असेल तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून नेटबँकिंग बंद करावं, पोच घ्यावी, १९३० वर आणि सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी, डिजिटल सही रद्द करायला लावावी. दिलेल्या कोऱ्या लेटरहेडची संख्या तक्रारीत लिहावी. कार्यकारी मंडळाची सभा घेऊन घडलेलं तारीखवार इतिवृत्तात नोंदवावं. व्हॉट्सॲप चॅट लाजेपोटी पुसू नये, पुरावा तोच.

आणि दोन-तीन महिन्यांनी आणखी एक फोन येईल. बोलणारा वकील किंवा 'सायबर सेलचा माणूस' असेल, त्याला तुमचा फाईल नंबर आणि बुडालेली रक्कम ठाऊक असेल, आणि अडकलेले पैसे सोडवायला तो फक्त थोडं प्रोसेसिंग शुल्क मागेल. तुमचा नंबर आणि ही माहिती त्याला बहुतेक त्याच टोळीकडून मिळालेली असते.