जंगली पक्ष्यांचे टेलोमिअर मोजून देणारी लॅब: पाचपैकी अडीच स्टार

लॅबचं नाव लिहीत नाहीये, कारण माणसं चांगली आहेत, मेलला दुसऱ्या दिवशी उत्तर येतं आणि पार्सल हरवलं तेव्हा त्यांनीच कुरिअरवाल्याच्या मागे लागून शोधून दिलं. पण पैसे भरायच्या आधी मला कुणी हे सांगितलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं.

मी ब्रिटनमध्ये ग्रेट टिट नावाच्या पक्ष्यांवर काम करते. चिमणीएवढा पक्षी, लाकडी पेटीत घरटं करतो, पायात नंबरची रिंग असते त्यामुळे तोच पक्षी पुन्हा पुन्हा हातात येतो. पंखाखालच्या शिरेला सुई टोचायची, काचेच्या बारीक नळीत थेंबभर रक्त घ्यायचं, इथेनॉलमध्ये टाकायचं, पक्षी सोडून द्यायचा. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, म्हणून थेंबभरात भरपूर डीएनए मिळतो, आपल्या लाल पेशींत तो नसतोच.

टेलोमिअर म्हणजे पदराला गोंडे बांधतात ना, धागे उसवू नयेत म्हणून, तसलं काहीतरी क्रोमोझोमच्या टोकाला. टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो अक्षरांच्या लांबीपर्यंत परत परत, आणि पेशी विभागली की ते थोडं झिजतं. सेशेल्समधल्या कझिन बेटावरच्या वॉर्बलर पक्ष्यांत आखूड टेलोमिअरवाले आणि झपाट्याने झिजणारे लवकर मरण्याची शक्यता जास्त, असं 2013 मध्ये छापून आलं. आमचंही तसंच काहीतरी बघायचं होतं, त्यासाठी एकाच पक्ष्याचं माप दरवर्षी घ्यायचं.

लॅब क्यूपीसीआरने मोजते, म्हणजे डीएनएच्या फेरीफेरीने (सायकल) प्रती काढत मुळात तो किती होता ते ठरवायचं, टेलोमिअरसाठी ही 2002 ची कॉथन या शास्त्रज्ञाची पद्धत. यात टेलोमिअरची लांबी थेट मिळत नाही, मिळतो टी-एस रेशो, म्हणजे टेलोमिअरचा डीएनए आणि एका नेहमीच्या जीनचा डीएनए यांचं गुणोत्तर. स्वस्त आहे, डीएनए कमी लागतो, एका प्लेटमध्ये 96 खड्डे, पटापट होतं. पण पीसीआरमध्ये दर सायकलला माल जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे अर्ध्या सायकलचा फरक पडला की उत्तर चाळीसेक टक्क्यांनी हलतं, आणि अर्धी सायकल हलायला काय, पिपेट धरणारा माणूस बदलला तरी पुरतं.

झालं असं की पहिल्या दोन वर्षांचं रक्त आम्ही त्या त्या वर्षी पाठवलं, तिसऱ्या वर्षाचं नंतर. रिझल्ट आला तर निम्म्या पक्ष्यांचे टेलोमिअर वाढलेले! दोन दिवस मी हवेत, पेपरचं नावसुद्धा ठरवून ठेवलं. मग गाईडने विचारलं, डीएनए काढायचं किट तेच होतं का गं? मेल केला. उत्तर आलं, अहो नाही, मधे आम्ही कॉलमवालं किट घेतलं, आधी मिठाच्या पद्धतीने काढायचो, क्वालिटी चांगली आहे काळजी करू नका. क्वालिटी चांगलीच होती हो! पण डीएनए काढायची पद्धत बदलली की टी-एस रेशो बदलतो, हे माणसांच्या आणि गायींच्या रक्तावर कधीच दाखवून झालंय. पोराची उंची दाराच्या चौकटीवर एका वर्षी चपलेसकट मारायची, पुढच्या वर्षी अनवाणी, आणि मग पोरगं खुजं झालं म्हणून डॉक्टरकडे न्यायचं, तसला प्रकार.

एक गोष्ट आम्ही नशिबाने केली होती. एकाच पक्ष्याच्या एकाच दिवसाच्या रक्ताच्या दोन नळ्या वेगवेगळ्या नंबरांनी, लॅबला न सांगता, वेगवेगळ्या वर्षांच्या पार्सलात घुसवल्या होत्या. जुळल्याच नाहीत, तेव्हाच कळलं की वाढ पक्ष्यात नाही, पद्धतीत आहे. मूळ सीक्यू आकडे, म्हणजे कितव्या सायकलला डीएनए दिसू लागला ते, मागितले तर आधी नुसती एक्सेल शीट, तिसऱ्या मेलनंतर कच्चा डेटा मिळाला. त्यात प्रत्येक प्लेटवर ठेवायचं ते कायमचं संदर्भ सँपलही मधेच बदललेलं, कारण जुनं संपलं. संपणारच ना, पहिल्याच दिवशी मोठा साठा करून छोट्या छोट्या भागांत गोठवायचा असतो.

आणि लॅब रिपोर्टमध्ये व्हेरिएशनचे, म्हणजे एकाच सँपलची मापं आपसात किती हलली त्याचे, खपण्यासारखे टक्के दाखवते, त्यावर जाऊ नका. त्याच पक्ष्याचं माप पुन्हा काढलं तर तेच येतं का, ती रिपीटेबिलिटी मागा. पक्ष्यांच्या क्रोमोझोमच्या मधल्या भागातही टेलोमिअरसारखे तुकडे असतात, तेही क्यूपीसीआर मोजून टाकते. एकाच पक्ष्याच्या दोन वयांत ते सारखेच राहतात म्हणून तिथे फरक थोडा निभावतो, दोन पक्ष्यांची तुलना करताना मात्र नाही. सदर्न ब्लॉटवाली पद्धत खरी लांबी देते, पण डीएनए खूप लागतो आणि ही लॅब ती करत नाही. त्याबद्दल स्टार कापला नाही, वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय.

तुम्ही हीच सर्व्हिस घेणार असाल तर दरवर्षी पाठवू नका, सगळं गोठवून ठेवा, एका पक्ष्याची सगळी वर्षं एकाच प्लेटवर लावायला सांगा, एकच किट, जमलं तर एकच माणूस. ते करतात, सांगितलं तर. मला सांगायचं सुचलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

आता उरलेलं रक्त एकदमच पाठवतेय, अर्ध्या दरात करून देतो म्हणालेत. पण काही नळ्या पहिल्याच खेपेला रिकाम्या झाल्या, आणि त्यातले बरेच पक्षी आता जंगलात दिसत नाहीत.