नुसती पाहणी का पूर्ण ऑडिट?

लातूरला दाजींच्या सोसायटीत वाद चालू हाय, भूकंपासाठी इंजिनिअरकडून नुसती डोळ्यांनी पाहणी करायची का पूर्ण स्ट्रक्चरल ऑडिट (चाचण्या घेऊन बिल्डिंगची मजबुती तपासणं). खर्चात पाहणी लै स्वस्त न झटपट, म्हणून हजारो इमारतींच्या शहरात आधी तीच करतेत. पण काँक्रीट किती दमाचं हे हॅमर टेस्ट (यंत्रानं ठोका देऊन तपासणं) न कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा) काढल्याशिवाय पक्कं कळत नाही, न आतली सळई गंजली का त्याला वेगळी चाचणी लागते. खाली भिंती नसून नुसते पार्किंगचे खांब असले तर मात्र बघताक्षणी धोका दिसतो, २००१ च्या भूकंपात भूजपासून २०० किलोमीटरच्या वर असून अहमदाबादेत तसल्या बिल्डिंगा बसल्या (किल्लारीत १९९३ ला दगडमातीच्या भिंती होत्या, ते वेगळं). अख्खा वॉर्ड तपासायचा तर पाहणी, दाजींसारखी पार्किंगवाली जुनी बिल्डिंग असंल तर सरळ ऑडिटच.