मिस्त्री, मॉड्युलर की ठेकेदार: घरातलं लाकूडकाम कुणाकडे द्यावं?

डोंबिवलीतलं आमचं घर 1988 सालच्या इमारतीतलं. धाकट्या भावाचं वाकडला, नव्या टॉवरमध्ये. त्याने स्वयंपाकघरापासून कपाटांपर्यंत सगळं मॉड्युलरवाल्यांना, म्हणजे कारखान्यात तयार केलेली कपाटं घरी आणून जोडणाऱ्यांना, दिलं. आम्ही आधी एका ठेकेदाराला दिलं आणि नंतर बिघडलेलं, राहिलेलं काम एका वयस्क मिस्त्रींकडून करून घेतलं. त्यामुळे तिन्ही वाटा जवळून बघून झाल्या आहेत. ओळखीतलं कुणी ‘सुतार बोलवू की मॉड्युलर करू?’ असं विचारतं, तेव्हा मी आधी हेच विचारते, की नेमकं काय करून घ्यायचंय? सगळ्या घराला एकच उत्तर लागू पडत नाही. कपाटांचे खोके कारखान्यात चांगले बनतात. पण जिथे लाकूड भिंतीला, चौकटीला किंवा जुन्या लाकडाला भिडतं, तिथे कसलेला हातच लागतो, आणि तिथे काटकसर केली की ती रोज डोळ्यांना खुपते.

आधी मॉड्युलरची बाजू सांगते, कारण ती खरी आहे. कारखान्यातल्या मशीनवर कापलेली फळी काटकोनातच निघते. काठावरची पट्टी, म्हणजे एज बँड, गरम गोंदाने मशीन दाबून बसवतं. तितकी घट्ट पट्टी हाताने बसत नाही, मिस्त्री कितीही चांगला असो. बिजागऱ्यांची 35 मिलिमीटरची भोकं सगळ्या शटरना, म्हणजे कपाटाच्या दारांना, एकाच मापावर पडतात. भावाचे ड्रॉवर आजही बोटाच्या धक्क्याने बंद होतात. घरातलं काम चार दिवसांत उरकलं, आणि भुशाचा एक कण झाडावा लागला नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल, तर ही फार मोठी गोष्ट आहे.

कमी पडलं ते साहित्यात. भावाकडे सिंकखालचं कपाट पार्टिकल बोर्डचं निघालं. ही फळी म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली. नळाची गळती आठवडाभर कुणाच्या लक्षात आली नाही आणि तळाचा काठ पावासारखा फुगला. फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. शिवाय त्यात एकदा काढलेला स्क्रू पुन्हा त्याच भोकात नीट धरत नाही, म्हणून घर बदललं की अशी कपाटं सोडवून दुसरीकडे लावणं अवघड. तेव्हा मॉड्युलर करणार असाल तर निदान सिंकखालचा भाग मरीन प्लायमध्ये, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडमध्ये, मागा आणि फळीवरचा शिक्का स्वतः वाचा. आयएस 710 हा मरीन प्लायचा आकडा, आयएस 303 सर्वसाधारण प्लायचा. 710च्या प्लायचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात तपासलेला असतो.

आता भिंतीबद्दल. आमच्या बेडरूमची एक भिंत वरपासून खालपर्यंत पाऊण इंच कललेली आहे. जुन्या इमारतीत हे असतंच, नव्या टॉवरमध्येही प्लास्टर पोट काढतं. ठेकेदाराच्या माणसांनी कपाट सरळ उभं केलं आणि भिंतीकडची फट पांढऱ्या पुट्टीने बुजवली. वर बोटभर, खाली दोरीएवढी. पहिल्या उन्हाळ्यात पुट्टीला तडे गेले, पावसाळ्यात ती गळून पडली.

मिस्त्रींनी ती सगळी खरवडून काढली. सागाची एक पट्टी घेतली, ओळंब्यात धरून भिंतीलगत उभी केली. मग लाकडाची एक बारीक चिप भिंतीला टेकवून, तिच्या कडेला पेन्सिल लावून, वरपासून खालपर्यंत हळूहळू सरकवत आणली. भिंतीचं प्रत्येक पोट, प्रत्येक खळगा त्या पट्टीवर रेघेत उतरला. रेघेच्या जरा बाहेरून त्यांनी करवतीने कापलं आणि उरलेलं रंध्याने आणलं, तेही पट्टीची मागची कड थोडी जास्त तासून, म्हणजे फक्त पुढची धार भिंतीला टेकेल. बसवून बघायची, काढायची, दोन रंधे मारायचे, पुन्हा बसवायची. दोन पट्ट्यांना सकाळ गेली. मी विचारलं, “मिस्त्री, आता भिंत वाकडी दिसणार नाही ना?” ते म्हणाले, “ताई, लाकूड वाकडं कापलं की भिंत सरळ दिसते.” आज त्या सांध्यात पोस्टकार्डही शिरत नाही.

मॉड्युलरवाले इथे काय करतात? कपाटाच्या रंगाची सरळ पट्टी लावतात आणि उरलेल्या फटीत सिलिकॉन भरतात. नव्या, सरळ भिंतीला ते चालून जातं. जांभ्या दगडाच्या कोकणातल्या घरात किंवा पेठेतल्या वाड्याच्या मातीच्या भिंतीला ते अजिबात चालत नाही.

दरवाज्यांच्या बाबतीत तर मला पर्यायच दिसत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आकसतं. मे महिन्यात गुळगुळीत लागणारा दरवाजा जुलैत चौकटीला घासतो, मग कुणीतरी येऊन कड तासतं आणि पुढच्या मार्चमध्ये तिथे नको इतकी फट दिसते. जाणकार मिस्त्री आधी विचारतो की लाकूड किती दिवस घरात पडून आहे. उन्हाळ्यात दार बसवताना तो पावसाळ्यासाठी फट राखतो. आणि आमच्या मिस्त्रींनी केलेली एक गोष्ट मी आता सगळीकडे तपासते: दार चढवण्याआधी त्यांनी वरच्या आणि खालच्या कडेलाही पॉलिशचे हात दिले. या कडा कुणाला दिसत नाहीत म्हणून बहुतेक जण त्या कोऱ्याच ठेवतात, आणि लाकूड तिथूनच सर्वांत जास्त पाणी पितं. तुमच्या दाराखाली छोटा आरसा धरून बघा.

आमचा मुख्य दरवाजा मूळचा सागाचा. ठेकेदाराने तो काढून नवा फ्लश डोअर, म्हणजे सपाट तयार दरवाजा, लावायचं सुचवलं होतं. मिस्त्रींनी जुना रंग उतरवला, सैल झालेला सांधा उघडला, त्यात पातळ पाचर घालून पुन्हा गोंदाने आवळला, आणि आत बल्लारशाकडच्या जुन्या सागाचा तो तेलकट सोनेरी पोत निघाला. बाबा कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत होते. असलं काम कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

ठेकेदाराविषयी थोडक्यात. भाव कमी असतो आणि एकाच माणसाशी बोलावं लागतं, हे खरं. पण त्याची टोळी चौरस फुटाच्या दरावर पळते. आमच्याकडे स्क्रू हातोडीने ठोकून फक्त शेवटचे दोन आटे फिरवले होते. त्याने लाकडाचे तंतू फाटतात आणि दोन वर्षांत बिजागरी हलायला लागते. उंच शटरला बाहेरून सनमायका लावला, आतून नुसता रंग. एका बाजूलाच सनमायका असला की फळी धनुष्यासारखी वाकते, म्हणून आतूनही पातळ लायनर लॅमिनेट लावायचं असतं. आमची तीन शटर वाकली. स्वस्तातलं काम दोनदा पैसे देऊन पुरं झालं, याचं मला अजून वाईट वाटतं. चांगले ठेकेदारही आहेत, पण कामावर कोणता सुतार येणार हे नक्की कळल्याशिवाय त्यांना काम देऊ नका.

पैशांचा हिशेब करताना दर विचारण्याआधी मोजणी कशी होणार ते विचारा. 7 फूट उंच, 6 फूट रुंद कपाट पुढून मोजलं तर 42 चौरस फूट. कुणी आतले कप्पेही मोजले तर आकडा दुपटीच्या पुढे जातो आणि ‘स्वस्त’ दर महाग पडतो. प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची, तिच्यातून 2 फूट खोलीच्या दोन पट्ट्या नीट निघतात. 26 इंचांचा हट्ट धरलात तर उरलेली पट्टी कुठल्या कामाची? खोक्यांसाठी चौरस फुटाचा दर ठीक. भिंतीला बसवणं, दारं, दुरुस्ती, पॉलिश यांसाठी मात्र हजेरीवरच, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, बोला. या कामांत घाई केली की माल बिघडतो. हजेरीवर काम लांबतं हे मान्य, म्हणून रोज संध्याकाळी दहा मिनिटं काम बघायला द्या आणि उद्या काय होणार ते ठरवा. ठरलेल्या रकमेचा शेवटचा हिस्सा हँडल, कुलपं, टच-अप होईपर्यंत हातचा सोडू नका, कारण राहतं ते नेमकं हेच.

मिस्त्री निवडताना मोबाइलवरचे फोटो बाजूला ठेवा. निदान दोन पावसाळे काढलेलं त्याचं एखादं काम प्रत्यक्ष बघा. शटरवर बोटाने टकटक करा, पोकळ वाजलं तर सनमायका नीट चिकटलेला नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागची बाजू बघा. चौकट तपासताना तो दोन्ही कर्ण मोजतो का, ते विचारा. कर्ण सारखे असतील तरच काटकोन खरा. आणि पटाशीला धार आहे का, एवढं तर नक्कीच बघा.

उद्या मलाच नवं घर करायचं झालं तर स्वयंपाकघराचे खोके, ड्रॉवर आणि शटर मी मरीन प्लायमध्ये मॉड्युलरवाल्यांकडून घेईन. ओट्याची उंची मात्र आईला उभं करून ठरवेन. ती पाच फुटांच्या आत आहे, आणि 34 इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटताना तिचे खांदे वर येतात. दारं, चौकटी, देवघर, खिडकीतली बैठक आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतची कपाटं मिस्त्रींची. ते आता महिन्याला एकच घर घेतात आणि गणपतीनंतरचे दिवस आधीच भरलेले असतात, म्हणून बाथरूमच्या चौकटीसाठी आम्ही त्यांना दिवाळीनंतरचा पहिला आठवडा मागून ठेवलाय.