कारवारचं वॉरशिप म्युझियम, पण जा राणेंसाठी

गोव्याहून कारवारला गेलात की टागोर बीचवर आयएनएस चपल ही नौदलाची जुनी युद्धनौका बघायला सगळेच जातात, पोरांना मजा येते, पण शेजारीच मेजर राम राघोबा राणेंचा पुतळा आहे तिथं नुसता सेल्फी काढून पळू नका राव. कारवारजवळच्या चेंडियाचा माणूस, बॉम्बे सॅपर्सचा म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचा, एप्रिल १९४८ मध्ये जम्मूतल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर भूसुरुंग काढत काढत गेला, एकदा तर चक्क चालत्या रणगाड्याखाली सरपटत, वर ड्रायव्हरला दोरीनं इशारे देत!! परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिलेच. १९६८ ला रिटायर झाले, १९९४ ला गेले. मला विचाराल तर पोरांना ही गोष्ट आधी सांगूनच न्या. आणि संध्याकाळीच जा, दुपारी ऊन जाम लागतं.