जीटी रोडवर पंक्चरवाल्यांनी आम्हाला कसं लुटलं, महाराष्ट्राची गाडी घेऊन पंजाबकडे जाणाऱ्यांनी वाचाच

दिल्लीच्या पुढे पानिपत, कुरुक्षेत्र, अमृतसर असा स्वतःच्या गाडीने जायचा प्लॅन असेल आणि गाडी एमएच पासिंगची असेल तर हे पूर्ण वाचा, आणि गाडी जो चालवणार आहे त्यालाही वाचायला द्या. एका साध्या पंक्चरच्या नावाखाली आमचे जवळपास दहा हजार गेले, चांगला टायर फेकावा लागला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आतून खराब झालेल्या टायरवर आम्ही दोन मुलं आणि म्हातारा माणूस घेऊन हायवेला शंभरच्या स्पीडने गेलो. पैशांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आहे.

आम्ही नाशिकचे. दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा, दोन मुलं आणि माझे सासरे असे निघालो होतो. बाबांना (सासऱ्यांना) पानिपत बघायचं होतं, खूप वर्षांपासून म्हणत होते, मग नवरा म्हणाला नुसतं पानिपत कशाला, दिल्ली ते अटारी अख्खा जीटी रोडच करू, वाटेत जे जे दिसेल तिथे थांबत जाऊ. आणि खरंच सांगते, तो रस्ता तसाच करण्यासारखा आहे. शेरशाह सुरीने १५४० नंतरच्या चारपाच वर्षांत हा रस्ता बांधून काढला असं आपण शाळेत शिकतो, पण वाट त्याच्याही कितीतरी आधीची, मौर्यांच्या काळातला उत्तरापथ म्हणतात तो साधारण हाच. आता नंबर बदललेत, जुना एनएच १ म्हणजे जालंधरपर्यंत एनएच ४४ आणि तिथून अटारीपर्यंत एनएच ३, पण ढाब्यावर कोणालाही विचारा, तो जीटी रोडच म्हणतो.

मुलांना आम्ही कोस मिनार शोधायचं काम दिलं होतं. जहांगीरने १६१९ मध्ये आग्रा ते लाहोर रस्त्यावर दर कोसाला एक मनोरा बांधायचा हुकूम काढला होता, विटांचे जाडजूड, वर निमुळते होत गेलेले मनोरे, साधारण तीन मजली घराएवढे उंच. सगळ्यात जास्त हरियाणात शिल्लक आहेत. एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आत उभा आहे, तिथूनच आम्ही सुरुवात केली, मग कर्नालजवळचा बघितला, बाकीचे कुठे शेतात, कुठे घरांच्या मागे. मोबाइल बाजूला ठेवून मुलं खिडकीतून बाहेर बघत होती हेच मला पुष्कळ होतं.

पानिपतला काबुली बाग मशीद, इब्राहिम लोदीची कबर बघितली आणि मग शहराच्या बाहेर काला आम. तिथे विटांचा स्मृतिस्तंभ आहे, भोवती आता बाग केलीये. १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात जे झालं ते आपल्या घराघरात माहीत आहे, सांगायला नको. बाबा स्तंभापाशी चपला काढून बराच वेळ उभे राहिले, आम्ही कोणी काही बोललो नाही. तिथल्या एका आजोबांनी आमची नंबरप्लेट बघून आम्हाला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. संक्रांतीला महाराष्ट्रातून खूप लोक येतात असं ते सांगत होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून तिकडची सगळी माणसं तशीच असा कोणी अर्थ काढू नका.

आता मुख्य प्रकार. कर्नाल सोडून अंबाल्याच्या दिशेने निघालो होतो, मध्ये एका ढाब्यावर जेवलो, गाडी पार्किंगमध्ये होती. निघाल्यावर दहापंधरा मिनिटांत एक बाइक शेजारी आली, दोघं जण, मागे बसलेला हात करून चाकाकडे दाखवतोय, "हवा निकल रही है, पीछेवाला देखो". नवऱ्याने गाडी कडेला घेतली. डावीकडचं मागचं चाक खरंच थोडं बसलं होतं आणि त्यात खिळा होता, डोक्यासकट स्पष्ट दिसत होता. म्हणजे पंक्चर खरं होतं, हे लक्षात घ्या, सगळा खेळ त्या एका खऱ्या पंक्चरवर उभा असतो. नवरा स्टेपनी लावायला डिकी उघडत होता तर बाइकवाला म्हणाला, इतना सामान क्यों उतारोगे, अंकलजी साथ में हैं, बच्चे हैं, पाच सौ मीटर पे दुकान है, पाच मिनट का काम. टायरमध्ये हवा होती तेवढी, हळूहळू गेलो.

दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, कॉम्प्रेसर, दोन जुने टायर टांगलेले, बोर्ड नाही. मालक एकदम गोड बोलणारा. नंबरप्लेट बघून म्हणाला महाराष्ट्र से? पानीपत होके आए? आणि बाबांकडे बघून हात जोडले, म्हणाला हम भी रोड मराठा हैं, आपके ही भाई. रोड मराठा हा हरियाणातला खरा समाज आहे, पानिपतच्या युद्धानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आम्ही असं ते मानतात. हा माणूस खरंच त्यांच्यातला होता की नाही देव जाणे, मला नाही वाटत, आणि त्या समाजाला यात ओढायचंही नाही. पण बाबांच्या डोळ्यात पाणी आलं हो. सकाळीच काला आम बघून आलेला माणूस, त्याला काय वाटलं असेल. मालकाने बाबांना खाट दिली, पाणी दिलं, मुलांच्या हातात बिस्किटं दिली, आणि तेवढ्यात पोराने जॅक लावून चाक उतरवून शेडच्या मागे नेलंसुद्धा.

मी मागे गेले. सिमेंटची टाकी, त्यात काळं पाणी, पोरगा चाक अर्धं बुडवून फिरवत होता आणि वरून साबणाचा फेस लावत होता. डाव्या हाताने फेस पसरायचा, उजवी मूठ टायरवरून फिरवायची, आणि मूठ जिथून पुढे जाई तिथे बुडबुडा. लगेच खडूने गोल. असं तीन, चार, पाच. त्याचा अंगठा प्रत्येक वेळी दाबला जातोय आणि खांदा हलतोय हे मला दिसलं. नीट बघितलं तर मुठीतून लाकडी दांड्याचं टोक बाहेर आलेलं, म्हणजे टोच्या. मी म्हटलं हातात काय आहे दाखव. त्याने सरळ टाकीत हात घातला आणि रिकामा बाहेर काढला, "कुछ नहीं मॅडम, ब्रश था". त्या काळ्या पाण्यात काय दिसणार.

तोपर्यंत नऊ गोल झाले होते. मालक आला, चेहरा गंभीर, कील के टुकडे हैं रास्ते पे, नऊ पंक्चर, सादी स्ट्रिप (बाहेरून भोकात खोचायची रबरी पट्टी) नहीं चलेगी, मशरूम पॅच (टायरच्या आतून लावायचा रबरी तुकडा) लगेगा, एकाचे साडेचारशे. म्हणजे ४०५०. आधी पंक्चरचे दीडशे म्हणाला होता तोच हा. आम्ही वाद घालत होतो तोवर दुसऱ्या पोराने न विचारता दुसऱ्या बाजूचं चाक सैल करायला घेतलं, "इस में भी लग रहा है". नवऱ्याने त्याला हात धरून थांबवलं. मी टोच्याचं बोलल्यावर मालकाचं गोड बोलणं संपलं, मघाचे बाइकवाले दोघं तिथेच येऊन उभे होते, अजून दोन जण आले, आणि म्हणे टायर ऐसे ही ले जाओ, लगा लो. बाबांना बीपीचा त्रास, मुलं घाबरलेली, तिथे अजून थांबणं आम्हाला धोक्याचं वाटलं म्हणून पैसे दिले आणि निघालो. यूपीआयवर नाव भलत्याच कुठल्यातरी किराणा दुकानाचं आलं. बिल मागितलं तर मशीन बंद आहे म्हणे. पंक्चरवाल्याकडे बिलाचं मशीन!

दुसऱ्या दिवशी लुधियानाला पोचेपर्यंत परत हवा कमी. तिथे एका मोठ्या टायरच्या दुकानात गेलो, वयस्कर सरदारजी होते, त्यांनी टायर मशीनवर डिस्कमधून काढला आणि आम्हाला बोलावून आतून दाखवला. आत एकही पॅच नाही. मशरूम पॅच आतूनच लागतो, त्यासाठी टायर डिस्कमधून काढावाच लागतो, आणि त्या शेडमध्ये ते मशीनच नव्हतं. नऊच्या नऊ ठिकाणी बाहेरून साधी स्ट्रिप खोचलेली. त्यातली चार छिद्रं तर आतपर्यंत गेलेलीच नाहीत, नुसतं वरचं रबर टोचून त्यात स्ट्रिप कोंबलेली. उरलेल्या पाचात एक खिळ्याचं, बाकी चार एका मापाची, एका ओळीत, शिलाई मशीनने टीप घातल्यासारखी. त्यातली दोन कडेला, खांद्यावर, जिथे टायर सगळ्यात जास्त वाकतो आणि जिथलं पंक्चर काढायचंच नसतं. सरदारजी म्हणाले अशा छिद्रांतून पाणी आत जातं, आतल्या तारा गंजतात, हायवेवर हा टायर फुटू शकतो, मी तुम्हाला परत लावून देणार नाही. नवा टायर ५८०० ला घेतला. त्यांनी फिटिंगचे पैसे घेतले नाहीत, वर बाबांना लस्सी पाजली.

खिळाही त्यांनी बघितला (नवऱ्याने तो खिशात ठेवला होता). कोरा, चकचकीत. त्यांचं म्हणणं की ढाब्यावर चाकाखाली ठेवलेला असणार, गाडी हलली की आपोआप घुसतो, आणि मग ठराविक अंतरावर बाइकवाले येतात. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण ते बरोबर पंधरा मिनिटांत कसे आले आणि नंतर दुकानात कसे दिसले हा प्रश्न आहेच.

आता काय करायचं ते सांगते. कोणी चाकाकडे बोट दाखवलं तर लगेच तिथे थांबू नका, टायर पूर्ण बसला नसेल तर हळू चालवत पुढच्या पेट्रोलपंपावर किंवा टोलनाक्यावर जा, जिथे माणसं आणि कॅमेरे आहेत. दाखवणारा जे दुकान सुचवेल तिथे तर अजिबात नाही. स्टेपनी डिकीत सगळ्यात खाली गाडली जाईल असं सामान भरू नका, हवा भरायचा छोटा पंप गाडीत ठेवा, बाराशे-पंधराशेत मिळतो, ट्यूबलेस टायरमध्ये एक खिळा असेल तर तो न काढता हवा भरून वीसतीस किलोमीटर आरामात जाता येतं. खिळा तिथेच राहू द्या, तोच भोक बुजवून धरतो.

आणि दुकानात गेलातच तर चाक उतरवू देऊ नका आधी. साबणाचं पाणी गाडीला चाक असतानाच मारायला सांगा, किंवा स्वतःच्या बाटलीत शाम्पू घालून स्वतः मारा, गाडी थोडी पुढेमागे करून टायर पूर्ण बघा, बुडबुडे येतील तिथे स्वतः खडूने खूण करा आणि व्हिडिओ काढा. मग सांगा, एवढंच काढायचं. नऊ ठिकाणांहून हवा जाणारा टायर दहा मिनिटांत जमिनीला टेकतो, तो ढाब्यापासून तिथपर्यंत आलाच नसता, हे डोक्यात ठेवा. चाक उतरवलं तर घरातला एक माणूस त्या चाकासोबत पाहिजेच, काम करणाऱ्याचे दोन्ही हात दिसतील असा उभा. रेट एका पंक्चरचा नाही, कुठल्या प्रकारच्या पंक्चरचा ते आधी विचारा. आमच्याकडे नाशिकला स्ट्रिपचे शंभर ते दीडशे घेतात, मशरूमचे तीनशेच्या पुढे, आणि मशरूम म्हणाला तर टायर काढायचं मशीन कुठे आहे ते विचारा.

हायवेला १०३३ हा नॅशनल हायवेचा हेल्पलाइन नंबर आहे, फुकट, तो लावला की गस्तीची गाडी किंवा क्रेन पाठवतात. चार माणसं घेरून उभी राहिली तर सरळ ११२. गाडीत सगळ्यांच्या फोनमध्ये हे सेव्ह करून ठेवा, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येसुद्धा.

अजून एक छोटंसं, अमृतसरला गेल्यावर अटारीच्या बीटिंग रिट्रीटचा (सीमेवर झेंडा उतरवण्याचा कार्यक्रम) व्हीआयपी पास म्हणून माणशी काहीतरी पैसे मागणारे भेटतात, आम्हालाही हॉटेलच्या बाहेर भेटला. तो कार्यक्रम बीएसएफचा आहे, बघायला तिकीट नसतं, सीटचं बुकिंग त्यांच्याच वेबसाइटवर फुकट होतं. कोणालाही एक रुपया द्यायचा नाही.

आम्ही लुधियानाहूनच १०३३ वर दुकानाची जागा कळवली, जवळचा किलोमीटरचा दगड आणि समोरचा फ्लायओव्हर दोन्ही सांगितलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर यूपीआयचा स्क्रीनशॉट, टायरचे आतले फोटो आणि नव्या टायरचं बिल टाकून तक्रार केलीये, तक्रार नंबर आलाय, पुढे अजून काही नाही. दर आठवड्याला फोन करतेय. जुना टायर मुद्दाम नाशिकला परत आणला आहे, स्ट्रिपा तशाच ठेवून, पुरावा म्हणून लागला तर.