झाडाचा वास, कामगंध की सापळा-ओंडके? पाइन-स्प्रूसच्या भुंगेऱ्यांसाठी काय घ्यायचं

ल्युर, म्हणजे सापळ्यातलं वासाचं आमिष, कुठली घ्यायची हे विचारण्याआधी भुंगेरा कुठला ते नक्की करा, नाहीतर सापळा नुसता लटकत राहतो.

झाडाच्या वासाची ल्युर म्हणजे बहुतेक वेळा अल्फा-पायनिन, जो टर्पेंटाइनमधला मेन घटक, आणि जोडीला इथेनॉल. जखमी किंवा नुकत्या तोडलेल्या पाइनमधून राळेचा वास सुटतो, झाड ताणात असलं की इथेनॉल पण, आणि त्यावरून भुंगेऱ्याला कळतं की इथे घुसायला सोपं आहे. पाइनच्या सालीत शिरणारा टॉमिकस भुंगेरा मुख्यतः अशा वासावरच जमतो. रोपांची साल कुरतडणारा सोंड्या हायलोबियस पण अल्फा-पायनिन-इथेनॉलला येतो, पण पाइनच्या वासाचं म्हणून दिसेल ते तेल ओतू नका हां, त्यात लिमोनिन असेल तर हायलोबियस येण्याऐवजी लांबच राहतो. आणि सापळ्यात भरपूर सापडले म्हणून रोपं वाचली असं होत नाही, आजूबाजूला ताजे बुंधे असतील तर त्यांचाही वास सुटलेलाच असतो. लांब मिशांचा मोनोकॅमस, जो पाइनमधला सूत्रकृमी पसरवतो, त्याच्यासाठी झाडाच्या वासात साल-भुंगेऱ्यांचा, म्हणजे सालीखाली बोगदे करणाऱ्यांचा, स्वतःचा वास इप्सेनॉल मिसळला की जास्त येतात, कारण तो त्या भुंगेऱ्यांच्या मागावरच असतो.

स्प्रूस या सूचीपर्णी झाडावरचा साल-भुंगेरा इप्स टायपोग्राफस असेल तर मात्र सरळ कामगंध ल्युर घ्या, म्हणजे भुंगेरे एकमेकांना बोलवायला सोडतात त्या वासाची, नुसत्या राळेच्या वासाला तो विशेष दाद देत नाही. बोंडअळीच्या सापळ्यात फक्त नर पतंग येतात, इथे नर-मादी दोघं येतात, म्हणून वाटतं की हेच लावून संपवून टाकू. नॉर्वेत १९७९ साली साधारण ६ लाख सापळे लावून २.९ अब्ज भुंगेरे पकडले होते, तरी त्याने साथ आटोक्यात आली का यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर दोन्ही ल्युर पाहणीसाठी चांगल्या, कीड कधी उडायला लागली ते कळतं, संपवायला नाही.

संख्या खरंच कमी करायची असेल तर सापळा-ओंडके. उडायचा सीझन सुरू व्हायच्या आधी ताजी झाडं पाडून ठेवायची, मग अधूनमधून साल उचकटून बघायचं, खाली मधल्या बोगद्यातून दोन्ही बाजूंना अळ्यांच्या बारीक वाटा दिसायला लागल्या की ओंडके हलवायचे किंवा सोलायचे, अळ्यांचे भुंगेरे होईपर्यंत थांबलात तर तुम्हीच कीड पाळली. मजुरी आहे, गाडी लागते, आणि वेळ सांभाळणारं माणूस नसेल तर हा पर्याय घेऊच नका.

ल्युरवाला सापळा, म्हणजे एकाखाली एक काळी नरसाळी आणि तळाशी डबा, उभ्या निरोगी स्प्रूसपासून निदान १०-१५ मीटर लांब ठेवा. वासाने आलेले सगळेच डब्यात पडत नाहीत, उरलेले शेजारच्या झाडात शिरतात. डब्यात लाल-काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे, मुंगीसारखे दिसणारे भुंगेरे दिसले तर ते थॅनासिमस, साल-भुंगेरे खाणारे, त्यांना सोडून द्या.